वाचकांचे प्रश्न : लार्प हा खेळ, आणि ‘लार्प करतोय’ हा टोमणा

या महिन्यात लार्पबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. मी जर्मनीत राहते आणि हा खेळ स्वतः खेळते हे बऱ्याच जणांना माहितीये, त्यामुळे असेल. ज्यांनी हे नाव ऐकलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, लार्प म्हणजे लाइव्ह अॅक्शन रोल प्लेइंग. एखादं पात्र घ्यायचं, त्याचे कपडे घालायचे आणि काही तास किंवा काही दिवस त्या पात्रासारखं वागायचं, बोलायचं, भांडायचं, कट करायचे, आणि आजूबाजूचे सगळेही तेच करत असतात. बस, आता पत्रांकडे.

प्रश्न : माझा मुलगा हॅनोव्हरला मास्टर्स करतोय. ऑगस्टमध्ये चार दिवस त्याचा फोन लागेना, आमचा जीव टांगणीला, आणि मग फोटो आला तो अंगात चिलखत, तोंडाला हिरवा रंग, हातात ही भलीमोठी कुऱ्हाड, मागे शेकडो माणसं तशीच. म्हणतो आई मी ऑर्क होतो. हा कुठला पंथबिंथ तर नाही ना? कुऱ्हाडीने लागत नाही का? आणि किती पैसे घालवत असेल? नातेवाईक विचारतात, काय सांगू? — एक आई, कोथरूड, पुणे

ताई, पंथ अजिबात नाही, ती भीती आधी मनातून काढून टाका. हॅनोव्हर आणि ऑगस्ट म्हणजे तो बहुतेक ब्रोकेलोला गेला असणार. हॅनोव्हर आणि ब्रेमेनच्या मधलं छोटं गाव आहे, तिथे २००४ पासून ‘कॉन्क्वेस्ट ऑफ मिथोडिया’ नावाचा लार्प होतो, युरोपातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक, हजारो माणसं शेतात तंबू ठोकून राहतात आणि त्यात विद्यार्थी असतात, नर्स असतात, कंपनीत काम करणारे असतात, लेकराबाळांसकट आलेली कुटुंबं असतात. ऑर्क म्हणजे परीकथेतला राक्षसासारखा योद्धा, त्याची वेगळी छावणी असते.

फोनचं कारणही साधं आहे. तिथे इन-टाइम आणि आउट-टाइम असे दोन भाग मानतात, इन-टाइम म्हणजे खेळ चालू, आणि त्या काळात कोणी मोबाईल बाहेर काढला तर आजूबाजूच्या सगळ्यांचा रसभंग होतो म्हणून लोक तो तंबूतल्या पिशवीत तळाशी टाकून देतात. पण रोज रात्री झोपताना घरी एक मेसेज टाकायला कोणाचीच ना नसते, तेव्हा पुढच्या वर्षी जायच्या आधीच त्याच्याकडून तेवढं कबूल करून घ्या, तुमचा तो हक्क आहे.

कुऱ्हाड फोमची असते हो. आत फायबरग्लासची बारीक काठी, तिच्यावर फोमचे थर चिकटवून, कापून आकार दिलेला, वरून रंग आणि लेटेक्सचे (पातळ रबराचे) हात मारलेले, हातात घेतली की फुलासारखी हलकी लागते. तरीपण नियम कडक असतात. खेळ सुरू व्हायच्या आधी आयोजकांची माणसं एकेक शस्त्र हातात घेऊन वाकवून, टोक दाबून बघतात की काठी बाहेर यायला लागली नाही ना, आणि शंका आली की ते शस्त्र बाजूला. डोक्यावर मारायचं नाही, टोक खुपसायचं नाही, आणि वार करताना शेवटच्या क्षणी हात आवरून घ्यायचा म्हणजे समोरच्याला नुसता स्पर्श झाला पाहिजे. हे आवरणं पहिल्या दिवशी शिकवतातच आणि ज्याला जमत नाही त्याच्याशी कोणी लढायला उभं राहत नाही. अजून एक गोष्ट मला फार आवडते. खेळात जखमी झालेला माणूस वैद्याला हाका मारत पडलेला असतो, पण ‘सानी’ हा शब्द तिथे फक्त खऱ्या दुखापतीसाठी राखून ठेवलेला आहे, तो कानावर आला की लोक जागच्या जागी थांबतात आणि वाट मोकळी करून देतात. खरं लागतं ते बहुतेक पाय मुरगळणं, ऊन लागणं, असलं. पाणी भरपूर पी म्हणून सांगा त्याला.

पैशाचं म्हणाल तर जातात, खोटं कशाला सांगू. बरी तलवार साधारण पन्नास ते शंभर युरो, चिलखत त्याच्या वर, तिकीट, तंबू, प्रवास वेगळा. पण विद्यार्थ्यांसाठी एक चांगला रस्ता आहे, तो म्हणजे आयोजकांच्या बाजूने खेळायचं. कथेत राक्षस, पहारेकरी, भुतं, गावकरी लागतातच, ती कामं करणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी तिकीट स्वस्त पडतं आणि कपडे-शस्त्रंही कधीकधी तिथलीच मिळतात. तो हिरवा रंग बघता मला वाटतं त्याने हेच केलं असावं, विचारून बघा.

तुमच्यासारखी भीती आधीही लोकांना वाटलेली आहे. १९७९ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला एक सोळा वर्षांचा मुलगा गायब झाला, तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर बसून खेळायचा रोल-प्लेचा खेळ खेळायचा, तर पेपरांनी लगेच उठवलं की मुलं युनिव्हर्सिटीखालच्या वाफेच्या भुयारांत शिरून खेळ खरा समजायला लागलीत. मुलगा सापडला, तो मनाने पार खचलेला होता आणि खेळाचा त्यात काही संबंध नव्हता, पण पुढची कित्येक वर्षं अमेरिकेतल्या आयांनी मुलांचे फासे आणि पुस्तकं कचऱ्यात फेकली. त्या मुलाला कोणीतरी ‘तू बरा आहेस का’ असं विचारायला हवं होतं, ते राहूनच गेलं. तुम्ही ते विचारताय, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

नातेवाईकांना सरळ सांगा की मित्रांबरोबर कॅम्पला गेला होता, तिथे सगळे मिळून नाटकासारखा खेळ खेळतात. परदेशात पहिल्या वर्षी मुलं खोलीत एकटी बसून डबाबंद सूप खातात ताई, मी बघते ना इथे. तुमचा मुलगा चार दिवस अनोळखी लोकांबरोबर चूल पेटवत होता, पहारा देत होता, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये ओरडत होता, मला तर ऐकून फार बरं वाटलं.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, गावाकडे लाकडी घाण्याचं तेल काढून विकतो, लिंक्डइनवर नावापुढे फाउंडर लिहिलंय. परवा कॉलेजच्या मित्राने खाली कमेंट टाकली, ‘भाऊ सीईओ लार्प करतोय’, आणि त्याला धडाधड लाइक पडले. म्हणजे नेमकं काय म्हणाला तो? शिवी आहे का? मी ते काढून टाकू का? — एक वाचक, जिल्हा सांगली

शिवी नाही, टोमणा आहे, आणि तो म्हणतोय की तू जे नाहीस त्याचं सोंग आणतोयस. इंग्रजी इंटरनेटवर हा शब्द गेली कित्येक वर्षं याच अर्थाने धावतोय. जिमला न जाता बॉडीबिल्डरसारखं बोलणारा, शहरात एसीत बसून शेतकऱ्याच्या आयुष्यावर प्रवचन देणारा, भाड्याच्या गाडीसमोर फोटो काढणारा, सगळ्यांना लोक म्हणतात लार्प करतोय, आणि आता रील्समधून आपल्याकडेही आलाय.

हे झालं कसं ते सांगते कारण त्यात माझ्या खेळाची उगाच बदनामी झालीये. इंटरनेटवर व्हिडिओ फिरायला लागले त्या सुरुवातीच्या काळात एक व्हिडिओ खूप गाजला होता, अमेरिकेत जंगलात चाललेल्या एका लार्पमध्ये एक पोरगा समोरच्यावर लहान लहान पुड्या फेकतोय आणि प्रत्येक वेळी ‘लाइटनिंग बोल्ट, लाइटनिंग बोल्ट’ असं ओरडतोय. जगभर लोक हसले. पण तो काय करत होता ते कोणी विचारलं नाही. तिथल्या बऱ्याच खेळांत मंत्र म्हणजे कापडाची छोटी पुरचुंडी, आत पक्ष्यांना घालायचे दाणे भरलेले, लागली तरी दुखत नाही आणि फाटलीच तर दाणे पाखरं खातात, कचरा होत नाही. ती अंगावर लागली तर मंत्र लागला आणि चुकली तर वाया गेला, म्हणून तो पुन्हा पुन्हा फेकत होता. किती विचार करून बनवलेली गोष्ट आहे ही! पण हसणाऱ्यांच्या डोक्यात लार्प म्हणजे ‘खोटं खोटं जगणारे लोक’ हे पक्कं बसलं.

मग निनावी लिहायच्या वेबसाइटांवर कोणीही येऊन सांगायला लागलं की मी सरकारात मोठ्या हुद्द्यावर आहे, मला आतली खबर आहे, आणि तिथले जुने लोक त्याला एका शब्दात उडवून लावायचे, लार्प. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘क्यू’ नावाने असाच एकजण लिहायला लागला, तिथल्या बऱ्याच जणांनी त्यालाही लार्पच म्हटलं, पण बाहेरच्या लाखो लोकांनी खरं मानलं, आणि ६ जानेवारी २०२१ ला अमेरिकेच्या संसदेत जो जमाव घुसला त्यात त्याला मानणारे लोक होते. शिंगांची टोपी आणि तोंडाला रंग फासलेला माणूस सगळ्या जगाने टीव्हीवर बघितला. तेव्हाही कित्येकांनी लिहिलं की ही लार्पवाली मंडळी आहेत. मला तेव्हा राग आला होता आणि अजूनही येतो. आमच्या खेळात प्रत्येकजण आपणहून ‘हो’ म्हणून आलेला असतो, समोरचा राजा खरा राजा नाही हे दोघांनाही ठाऊक असतं, आणि कोणीही कधीही ‘थांबा’ म्हटलं की खेळ तिथल्या तिथे थांबतो. त्या संसदेतल्या जमावासमोर ‘थांबा’ म्हणणाऱ्या पोलिसांचं काय झालं? मारहाण झाली, कित्येकजण जखमी झाले. सोंग वाईट नसतं रे, समोरच्याला न सांगता आणलेलं आणि थांबवता न येणारं सोंग वाईट असतं.

आता तुझ्याकडे येते. तू घाणा लावलास, शेंगदाणा-करडई विकत घेतोस, तेल गाळून बाटल्या भरतोस, गिऱ्हाईक पैसे देतं आणि परत मागायला येतं, यात सोंग कुठे आहे? हा धंदा तू उभा केलास म्हणून फाउंडर लिहिलंस, ठीक आहे, काढू नकोस. फक्त बाकीचं प्रोफाइल एकदा स्वतःच वाचून बघ. एकटाच असून ‘आमची टीम’ लिहिलंयस का, तालुक्यात विकत असून ‘देशभर’ लिहिलंयस का, असं काही असेल तर ते तेवढं बदल, कारण सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं आणता येत नाही आणि उद्या कोणी खरंच पाचशे लिटरची ऑर्डर घेऊन दारात आला तर पंचाईत तुझीच होणार.

शिकाऊ माणसालाही हल्ली लोक पटकन हा शब्द लावतात, पहिल्यांदा इंग्रजीत बोलणारी मुलगी असो की पहिल्यांदा स्टेजवर गाणारा पोरगा, आणि मला ते अगदी अन्यायाचं वाटतं. नवीन काही शिकताना सुरुवातीला सगळ्यांनाच आव आणावा लागतो, तो आव हळूहळू अंगवळणी पडतो. मित्राला कमेंटमध्ये उत्तर देऊ नकोस, एक किलो तेल पाठव आणि भाव लाव.

प्रश्न : मी सिंधुदुर्गात दशावतार बघत मोठा झालो. परदेशी लार्पबद्दल वाचलं तेव्हा वाटलं हे तर आमचंच, लिहिलेले संवाद नाहीत, आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं. मग याचा उगम कुठला मानायचा? जव्हारच्या बोहाड्याला, त्या मुखवट्यांच्या उत्सवाला, पण लार्प म्हणता येईल का? — एक दशावतारप्रेमी, कुडाळ

तुमचं निरीक्षण एकदम बरोबर आहे. दशावतारात हाती लिहिलेली संहिता नसते, कथानक ठरलेलं असतं, कोण कोणतं पात्र हे ठरलेलं असतं आणि बाकी सगळं नटाच्या जिभेवर. रावण आणि नारद समोरासमोर आले की तासभर जुगलबंदी होऊ शकते आणि दोघांनाही पुढचं वाक्य काय येणार हे माहीत नसतं. लार्पमध्ये जी कसरत आम्ही करतो ती हीच, आणि दशावतारी नट आमच्या खेळात आला तर पहिल्याच रात्री सगळ्यांना गार करेल याबद्दल मला काडीची शंका नाही.

फरक प्रेक्षकांचा आहे. दशावतार देवळासमोर लोकांसाठी होतो, नट आवाज चढवतो तो मागच्या रांगेतल्या आजीपर्यंत पोचावा म्हणून. लार्पमध्ये बघणारं कोणी नाही, जो तो खेळतोय, त्यामुळे कोपऱ्यात दोघंजण अर्धा तास कुजबुजत एखादा कट शिजवतील आणि बाकीच्या दोनशे जणांना तो कधीच कळणार नाही, तरी त्या दोघांसाठी तो अख्ख्या खेळातला सगळ्यात मोठा प्रसंग असेल. नाटकवाल्या माणसाला सुरुवातीला हे फार जड जातं, टाळी येत नाही ना.

उगमाचं म्हणाल तर एक गाव, एक माणूस असं बोट दाखवता येत नाही, निरनिराळ्या ठिकाणी लोकांना तीच गोष्ट सुचत गेली. १ मे १९६६ ला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत काही मित्रांनी घरामागच्या अंगणात मध्ययुगीन कपडे घालून लढतीचा सोहळा केला, त्यातून एक मोठी संस्था उभी राहिली, पण ते लोक स्वतःला लार्पवाले म्हणवून घेत नाहीत, त्यांचा भर जुन्या कला आणि हत्यारं नीट शिकण्यावर. १९७४ ला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला आणि ठिणगी पडली, कारण टेबलावर बसून ‘मी तलवार उपसतो’ म्हणणाऱ्या पोरांना उठून खरंच उपसावीशी वाटणारच. १९७७ ला वॉशिंग्टनच्या आसपास ‘डॅगोरहिर’ची फोमच्या शस्त्रांची युद्धं सुरू झाली, १९८२ ला इंग्लंडात चेशायरमधल्या पेकफोर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ सुरू झालं आणि लोक शनिवार-रविवार किल्ल्याच्या तळघरांत राक्षस शोधत फिरायला लागले. रशियात १९९० ला क्रास्नोयार्स्कजवळ जंगलात पहिला मेळा भरला, म्हणजे सोव्हिएत राज्य अजून उभं होतं तेव्हा, मला ही गोष्ट नेहमी अचाट वाटते. आणि १९९७ ला ऑस्लोमध्ये नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडचे लार्पवाले एकत्र बसले, ते संमेलन आजपर्यंत या चार देशांत फिरतं राहिलंय आणि तिथून जी खेळाची पद्धत निघाली तिच्यात तलवारी कमी आणि माणसांच्या मनातली भांडणं जास्त.

बोहाड्याला मात्र मी लार्प म्हणणार नाही. जव्हार-मोखाड्याकडे जे मुखवटे निघतात त्यांना लोक हात जोडतात, नाचणाऱ्याच्या अंगावर मुखवटा चढला की तो देव असतो. ‘हे खोटं आहे हे आपल्या सगळ्यांना माहितीये’ हा जो लार्पचा करार, तो तिथे नाहीच. ती श्रद्धा आहे, तिला खेळाच्या रांगेत बसवणं मला बरं वाटत नाही.

प्रश्न : ताई, मी एक्स्चेंजवर फिनलंडला आहे. इथे मैत्रिणींबरोबर एका लार्पला गेले, तुरुंगाची गोष्ट होती आणि मी चौकशी करणारी अधिकारी. सगळे म्हणाले फार छान केलंस. पण घरी आल्यावर मला रडू येतंय, मी ज्या मुलीवर ओरडले ती समोर आली की नजर चुकवते मी. माझ्यातच काहीतरी वाईट आहे का? — १९ वर्षांची वाचक

नाही गं, तुझ्यात काही वाईट नाही आणि तू एकटी पण नाहीस. याला खेळणारे ‘ब्लीड’ म्हणतात, शाई एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरावी तसं पात्राचं मन तुझ्यात उतरतं, आणि तुझं पात्रात. एमिली केअर बॉस या अमेरिकन गेम डिझायनरने २००७ मध्ये त्याला हे नाव दिलं, त्याच्या आधीही ते होतंच, फक्त लोक मुकाट्याने सोसायचे. काहीजण तर ब्लीडसाठीच खेळतात. पण ते अंगावर येतं तेव्हा काय करायचं हे आयोजकांनी आधी सांगायला हवं, तुला सांगितलं नसेल तर ती त्यांची कमतरता.

आता कर असं. त्या मुलीला कॉफीला बोलाव आणि झालेल्या प्रसंगाबद्दल बोला, पण बोलताना पात्राला ‘ती’ म्हण, ‘मी’ नको. ‘त्या अधिकाऱ्याने तिला उपाशी ठेवलं’, असं. दोघींना दहा मिनिटांत फरक जाणवेल. बहुतेक वेळा समोरची म्हणते की अगं मला तर मजा आली, तू इतकी मनापासून ओरडलीस म्हणून माझा प्रसंग रंगला. आणि तिला खरंच लागलं असेल तर तेही कळेल, मग मनापासून सॉरी म्हण. ती वर्दी किंवा जे काही घातलं होतंस ते धुऊन, घडी घालून कपाटात वर टाक, खुर्चीवर समोर लटकत ठेवू नकोस. झोप पूर्ण घे, कारण चार रात्री अर्धवट झोपलेल्या माणसाला कशानेही रडू येतं. आणि लार्पहून आल्यावर आठवडाभर मोठे निर्णय घ्यायचे नाहीत, ब्रेकअप नाही, प्रपोज नाही, हे मी सगळ्याच नवीन मुलांना सांगते.

पुढच्या वेळी जाशील तेव्हा ‘कट’ आणि ‘ब्रेक’ हे दोन इंग्रजी शब्द कसे वापरायचे ते आधी विचारून घे. नॉर्डिक, म्हणजे नॉर्वे-स्वीडन-फिनलंडकडच्या, खेळांत कट म्हणजे सगळं थांबव, आणि ब्रेक म्हणजे खेळ चालू ठेव पण इतकं जोरात नको. तुला वाटेल की हे दोन्ही शब्द समोरच्यासाठी आहेत, पण ओरडणाऱ्या अधिकाऱ्यालाही ते तितकेच लागू असतात. तू स्वतः कट म्हणू शकली असतीस. दोन-तीन आठवड्यांनीही मन हलकं झालं नाही तर युनिव्हर्सिटीतल्या समुपदेशकाकडे जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत आम्ही दरवर्षी मुलांचा आठवडी बाजार भरवतो, मुलं भाजी विकतात, हिशोब करतात. असंच इतिहास-नागरिकशास्त्रासाठी काही करता येईल का? लार्पने शिकवणारी शाळा खरंच कुठे आहे का? — एक शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, सातारा

सर, आहे. डेन्मार्कमध्ये होब्रो गावात ऑस्टरस्कोव नावाची निवासी शाळा २००६ पासून चालू आहे, तिथे दहावीच्या आसपासची मुलं राहतात आणि गणितापासून इतिहासापर्यंत सगळं रोल-प्लेमधून शिकतात. एखादा आठवडा अख्खी शाळा रोमन साम्राज्य असते, मग रसद मोजायची तर गणित आलं, पत्र लिहायचं तर भाषा आली.

तुमचा बाजार हा लार्पच आहे हो, फक्त नाव दिलेलं नाही. त्याच मुलांची एक दुष्काळी ग्रामसभा घ्या. गावात टँकर एकच येणार, कुठल्या वस्तीला आधी? प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी द्यायची, तिच्यात तीन ओळी, तू कोण, तुला काय हवंय, आणि तुला अशी कोणती गोष्ट माहितीये जी बाकीच्यांना माहीत नाही. उदाहरणार्थ, ‘तू सरपंचांची पुतणी, तुझ्या विहिरीला अजून पाणी आहे, हे घरच्यांनी कुणाला सांगू नको म्हटलंय.’ एवढी एक चिठ्ठी अख्खी सभा पेटवते, बघाच तुम्ही. नाट्यछटा बसवू नका, संवाद पाठ करून घेऊ नका, तुम्ही फक्त वेळ सांगा आणि बाजूला बसा. आणि तास संपायच्या बराच आधी थांबवा, कारण खरं शिकणं नंतरच्या गप्पांत होतं, कोणी काय लपवलं, का लपवलं, तू तिच्या जागी काय केलं असतंस.

एक कळकळीची विनंती. ज्या मुलाच्या घरी जे खरोखर घडतंय ते पात्र त्याला देऊ नका. कर्ज असलेल्या घरातल्या पोराला कर्जदार करू नका, आणि जातीवरून अपमानाचे प्रसंग मुलांकडून खेळवून घेऊच नका, शिकवण्याच्या नावाखालीसुद्धा नाही. मोठ्या माणसांनाही तसला खेळ पेलत नाही, ती तर लेकरं आहेत आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात त्याच बाकावर बसणार आहेत. सभा झाल्यावर प्रत्येकाने चिठ्ठी परत द्यायची, आपलं खरं नाव मोठ्याने सांगायचं आणि मग डबा खायला बसायचं, एवढा शेवट ठेवा.

प्रश्न : भावाने अमेरिकेहून लेटेक्सची तलवार आणली. मुंबईच्या पावसाळ्यात ती चिकट झालीये. काय करू? — ठाणे

फेकू नका. आधी कोरड्या मऊ फडक्याने पुसा, साबण-थिनर काही नको, नुसत्या ओलसर कपड्याने मळ काढला तरी चालेल पण मग सावलीत पूर्ण वाळू द्या. चिकटपणा वरवरचा असेल तर थोडी टाल्कम पावडर चोळा किंवा सिलिकॉनचा स्प्रे मारा, पेट्रोल-तेलाचं काही लावू नका, लेटेक्स विरघळतं. ठेवताना आडवी ठेवा किंवा मुठीजवळच्या आडव्या दांड्यावर टांगा, टोकावर उभी ठेवली की आतली काठी हळूहळू फोम फाडून बाहेर येते आणि ती तलवार मग कोणावर चालवायची नाही. दोन शस्त्रं एकमेकांना टेकवून ठेवू नका, चिकटतात, सोडवताना साल निघते. उन्हाच्या खिडकीत तर नकोच नको, तडे जातात. आणि चिकटपणा पावडर लावूनही जात नसेल, बोटाने दाबल्यावर लेटेक्स सोलून निघत असेल तर वरचा थर गेला, तेव्हा ती भिंतीवर लावा आणि मुलांच्या हातात देऊ नका.